पर्वरीचा उकाडा आणि दादाच्या बाटल्या

माझा थोरला भाऊ बोटीवर असतो. सुट्टीवर येताना ड्यूटी-फ्रीमधून बाटल्या आणतो, त्यातल्या एखाददुसरीचं बूच उघडतो आणि परत जाताना सगळं आमच्या गोव्यातल्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये ठेवून जातो. ‘जपून ठेव रे’ एवढंच सांगतो. एका मे महिन्यात शोकेस पुसताना एका सिंगल माल्ट व्हिस्कीचं बूच वर सरकलेलं दिसलं. सीलच्या कडेने तपकिरी, चिकट ओघळ लेबलापर्यंत आला होता. तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतला.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. शोकेस हॉलमध्ये पश्चिमेच्या भिंतीला, समोरच बाल्कनीचं दार. दुपारी तीननंतर ऊन थेट काचेवर येतं, आणि शोकेसच्या आत सुताराने हौसेने बसवलेले दिवे आहेतच. 40 टक्के अल्कोहोलची व्हिस्की 15 अंशांनी तापली की 750 मिलीच्या बाटलीत आठेक मिलीने फुगते. वरची हवा नि वाफ तर त्याहून जास्त फुगते आणि बुचाला खालून रेटते. रात्री निवलं की उलटं, बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे बाटलीचा लोहाराचा भाता होतो. दरवेळी थोडा वास बाहेर, थोडा ऑक्सिजन आत. उन्हाने रंग फिका पडतो तो वेगळाच.

दादाच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग काय झालं, मुरेल की अजून!’ हा समज फार लोकांचा आहे. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. काचेत गेली की मुरणं संपलं. बारा वर्षांची व्हिस्की घरात वीस वर्षं ठेवली तरी बारा वर्षांचीच. आपल्या कुंकळ्ळीत पॉल जॉन या गोव्याच्या व्हिस्कीची पिंपं ज्या हवेत ठेवलेली असतात, तिथे वर्षाला साधारण 8 टक्के माल नुसता उडून जातो. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास आहे. पण त्या बदल्यात गोव्याच्या उकाड्यात लाकडाचा गुण दारूत लवकर उतरतो. बाटलीत लाकूडच नाही, त्यामुळे उकाड्यातून मिळत काहीच नाही, जातं तेवढं जातं.

मग जागा शोधायला लागलो. तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र आणलं आणि ते घरभर फिरवलं. शोकेसमध्ये दुपारी 37 च्या पुढे. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट तर बाद: स्लॅबची धग वरून, शेगडीची खालून, आणि दारूची वाफ पेट घेते हे विसरून चालत नाही. बेडरूमला एसी आहे म्हणून तिथे सोय होईल असं वाटलं होतं, पण एसी चालतो रात्रीपुरता. रात्री 24, दुपारी 33, हा चढउतार रोजचा. त्यापेक्षा कायम 30 वर बसलेली जागा मला पत्करली. सगळ्यात स्थिर आकडा मिळाला देवघराच्या आतल्या भिंतीला लागून. आई म्हणाली, ‘देवाच्या शेजारी बाटल्या? नाव काढू नकोस.’ विषय संपला.

शेवटी पॅसेजमधल्या भिंतीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा घेतला. कुठलीच भिंत बाहेरच्या बाजूला नाही, दार लाकडी, आत अंधार. मे महिन्यात 29 ते 31 च्या मध्ये राहतं. पुस्तकी सल्ला 15 ते 20 अंशांचा असतो, पण त्यासाठी गोव्यात चोवीस तास एसी लावणं मला तरी वेडेपणा वाटतो.

बाटल्या उभ्याच ठेवल्या. पुण्याचे मेहुणे वाइनसारख्या आडव्या ठेवायला सांगत होते. वाइनचं अल्कोहोल कमी असतं, तिथे बूच ओलं राहिलेलं बरं. व्हिस्की आडवी ठेवली तर कडक दारूने बूच भुसभुशीत होतं आणि उघडताना अर्धं आत पडतं. तसं झालंच तर मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावं आणि दुसरं बूच लावावं. त्यासाठी रिकाम्या बाटल्यांची धड बुचं मी एका डब्यात जमवून ठेवली आहेत. वर सरकलेलं बूच बदललं, तोंडाभोवती पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी) ताणून गुंडाळली आणि प्रत्येक बाटलीवर पातळीच्या रेषेला पेन्सिलीची खूण केली. खुणेखाली उतरली की समजायचं, सील गळतंय. (की घरातलं कोणी चाखतंय, हेही समजतं.)

पावसाळ्याचं काम वेगळं. जूननंतर ते यंत्र 90 टक्के दमटपणा दाखवतं. दारूला त्याचं काही नाही, पण लेबलांवर बुरशी येते, खोके मऊ पडतात, कसर लागते. खोके काढून टाकले, कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. डांबरगोळ्या मात्र नाहीत; तो उग्र वास बुचात शिरला तर काय घ्या.

फोडलेल्या बाटल्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. अर्ध्याहून खाली गेलेल्या बाटलीत दारूपेक्षा हवाच जास्त, आणि आपल्याकडच्या उकाड्यात ती हवा आपलं काम लवकर करते. उपाय सोपा: छोट्या बाटलीत काठोकाठ भरायची. मी रमच्या रिकाम्या क्वार्टर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, वास गेल्याची खात्री करून वापरल्या. फिरकीचं झाकण, त्यामुळे बुचाची कटकट नाही. फक्त स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट, महागडी व्हिस्की स्वस्त रमच्या क्वार्टरमध्ये बसलेली दादाने व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि काही क्षण त्याला शब्दच सुचेनात. ‘अरे, निदान लेबल तरी काढायचंस!’ काढलं. आता मार्करने नाव आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी असते.

हे सगळं कडक दारूपुरतं. वहिनीचं बेलीज या कपाटात ठेवत नाही. त्यात साय असते, 25 अंशांच्या वर ठेवू नये आणि बनवल्यापासून दोन वर्षांत संपवावं असं कंपनीच सांगते. ते फ्रिजच्या दारात गेलं. फोडलेलं व्हर्मुथही तिथेच, कारण ते मुळात वाइन. काजूफेणी चाळीस टक्क्यांच्या वर कडक असते, काचेच्या गराफांवात (मोठ्या पोटाच्या बाटलीत) वर्षानुवर्षं राहते, तिची मला चिंता नाही. प्लास्टिकच्या बाटलीतून आलेली असेल तर तेवढी काचेत ओततो. हुर्राक ही काजूचीच, मात्र एकदाच गाळलेली, कमी कडक. दादा ती डिसेंबरपर्यंत ठेवायला सांगतो. मी ठेवत नाही. मार्चमध्ये येते, पाऊस लागायच्या आत लिंबू-मीठ घालून शेजाऱ्यांसोबत संपते, आणि दादाला फोटो पाठवतो.