वेताळ टेकडीवरचा वणवा आणि त्यानंतरचा दिवस

मार्चमधल्या दुपारी पुण्याच्या वेताळ टेकडीवर धूर दिसला की आधी त्याचा रंग बघायचा. काळा आणि एकाच जागी गोळा होणारा असेल तर टायर, प्लास्टिक किंवा कचरा जळतोय. पांढुरका, पातळ आणि भराभर सरकणारा असेल तर गवताने पेट घेतलाय. त्या दिवशी पावणेचारच्या सुमाराला पंचवटीच्या अंगाला दिसला तो दुसऱ्या प्रकारचा होता, आणि चढणीच्या दिशेने सरकत होता. वनरक्षक म्हणून काम करताना लहानमोठ्या आगी बऱ्याच बघितल्या. पण टेकडीवर गेल्या शंभर वर्षांत माणसाने काय काय केलं, ते या आगीत एकामागून एक समोर आलं. म्हणून ती सविस्तर लिहितोय.

पहिली खबर आली ती रोज फिरायला येणाऱ्या एका काकांच्या फोनवरून. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडून उपग्रहावर आधारित आगीचे संदेश आम्हाला मोबाइलवर येतात आणि मोठ्या जंगलात त्यांचा फार उपयोग होतो. पण त्यातला ज्यावर जास्त भर असतो तो उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास डोक्यावरून जातो. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३७५ मीटरचा चौकोन. तीन वाजता लागलेली दोन-अडीच हेक्टरची आग त्याच्या दोन फेऱ्यांच्या मधे लागून विझूनही जाते. शहराला लागून असलेल्या जंगलात माणसाचा डोळाच लवकर पोचतो.

काकांनी जागाही नीट सांगितली: पंचवटीकडून वर येणारी पायवाट, पहिलं वळण, उजव्या हाताचा गवताळ उतार, वारा वरच्या बाजूला. एवढं कळलं की कुठून शिरायचं ते ठरवता येतं. “टेकडीला आग लागलीय, लवकर या” एवढंच सांगितलं तर पहिली वीस मिनिटं शोधण्यात जातात. वेताळ टेकडीला कांचन गल्ली, गोखलेनगर, पंचवटी, कोथरूडकडून एआरएआयचा (वाहन संशोधन संस्थेचा) रस्ता असे बरेच दरवाजे आहेत, आणि एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूला नेईपर्यंत आग माथ्यावर पोचलेली असते.

चढावर आग का धावते ते समजून घ्यायला हवं, कारण लोक नेमके याच बाबतीत फसतात. उतारावर ज्वाळा वरच्या गवतावर झुकलेली असते. ती त्याला आधी सुकवते आणि मग पेटवते. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. दुपारी तापलेली हवाही उतारावरून वर चढते, आणि त्या दिवशी पश्चिमेचा वारा तिला मिळाला होता. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, आणि आग मागे लागली तर वर पळायचं नाही. आडवं सरकायचं आणि जमेल तिथून जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर यायचं. तिथे पुन्हा जळण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता जमिनीबद्दल. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, म्हणजे शहरापेक्षा दोनशेहून जास्त मीटर वर. खाली बेसॉल्ट, त्यावर मुरूम, आणि मातीचा थर बऱ्याच ठिकाणी वीतभरही नाही. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. अशा जागी मुळात येतं ते गवत आणि त्यात विखुरलेली झाडं: सालई, मोई, मेडशिंगी, गणेर, पांगारा, खैर. आजच्या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे, आणि म्हणून इथल्या जंगलाला आम्ही अजून भांबुर्ड्याचं जंगल म्हणतो. आसपासच्या वस्त्यांची गुरं या डोंगरावर चरायची, माथ्यावर दगडाच्या खाणी चालायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती थेट पायथ्याला आल्या. टेकडीवरचा चराईचा आणि सरपणाचा भार वाढत गेला, आणि जुन्या छायाचित्रांत दिसतो तसा डोंगर बोडका झाला.

मग आली वृक्षलागवड. उतारांवर चर खणले गेले आणि लवकर हिरवं दिसणारं झाड म्हणून गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. हे झाड मध्य अमेरिकेतलं. खडकाळ जागेत तगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, तोडलं तरी फुटतं. लागवड करणाऱ्यांनी त्या वेळी उपलब्ध असलेला उपाय मनापासून केला आणि आज सकाळी फिरायला येणाऱ्यांना जी सावली मिळते ती त्यामुळेच, हे मान्य करायला हवं. पण त्या सावलीत गवत आणि देशी झाडांची रोपं फारशी वर येत नाहीत, हेही तितकंच खरं.

आगीने हे सगळे थर एकेक करून ओलांडले. खालचा उतार कुसळी गवताचा, ढोपरभर उंच आणि डिसेंबरपासून वाळलेला. तिथे ज्वाळा कमरेच्या वर होत्या. साधारण सव्वा मीटरपेक्षा उंच ज्वाळेला समोरून भिडायचं नाही, हा आमचा नियम. धग सहन होत नाही आणि डहाळीने आग झोडपणारा माणूस मिनिटाभरात मागे हटतो. म्हणून आगीचं तोंड, म्हणजे पुढे धावणारी कड, सोडून दिलं आणि शेपटाकडून, पायवाटेपासून सुरुवात केली. पायवाट दीड मीटर रुंद, पायांनी तुडवून मुरूम उघडा पडलेला. आग तिथे आपोआप थांबली होती. दोन्ही बाजूंनी एकेक टोळी लावून कडा विझवत वर जायचं आणि तोंड निमुळतं करत आणायचं, असं ठरलं.

टोळीत पुढे पाठीवरचा ब्लोअर, त्याच्या मागे दोघं झोडपणारे, शेवटी एक जण पाण्याचा पंप आणि फावडं घेऊन. ब्लोअरचं वजन पेट्रोलसकट दहा किलोच्या आसपास, टाकी साधारण तासभर चालते. ब्लोअरवाल्याने जळलेल्या बाजूला उभं राहायचं किंवा अगदी कडेने चालायचं, आणि हवेचा झोत ज्वाळेच्या बुडाशी तिरपा, जळलेल्या बाजूकडे मारायचा. झोत उलटा लागला तर ठिणग्या न जळलेल्या गवतात जातात आणि एका आगीच्या चार होतात. पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, उघड्या कातळावर. घाईत गरम यंत्रावर पेट्रोल सांडणं हा या कामातला मोठा धोका आहे.

झोडपायलाही पद्धत लागते. डहाळी डोक्यावर उचलून आपटली की निखारे उडतात. ती ज्वाळेवर दाबायची आणि जळलेल्या बाजूला ओढायची. मार्चमध्ये गिरिपुष्प निष्पर्ण असतं, म्हणून हिरव्या पाल्याच्या कडुनिंबाच्या डहाळ्या खालून आणाव्या लागतात; नाहीतर ओलं गोणपाट. अंगात सुती कपडे हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

गिरिपुष्पाच्या पट्ट्यात आग शिरली तेव्हा तिचा जोर उतरला. खाली गवत नाही, नुसता पातळ पाचोळा. ज्वाळा घोट्याएवढ्या झाल्या. आम्हाला वाटलं, इथे हातात येईल. तेवढ्यात वीस-पंचवीस मीटर पलीकडे, जिथे काहीच जळत नव्हतं तिथे, धुराची रेघ उठली. जवळ जाऊन पाहिलं तर जुना समतल चर. साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल असे हे चर पाणी मुरवायला खणले जातात. वर्षानुवर्षं त्यांत पालापाचोळा साचतो, वरून नवा थर बसतो आणि चर सपाट जमिनीसारखा दिसायला लागतो. आग वरून दिसत नव्हती. आत, कुजलेल्या काडीकचऱ्यातून धुमसत पुढे सरकत होती आणि वारा लागला तिथे डोकं काढत होती. ब्लोअर इथे चालवायचा नाही, निखारे फुलतात. फावड्याने चर आडवा तोडायचा: मीटरभर लांबीचा पाचोळा पार मुरमापर्यंत उपसून जळलेल्या बाजूला टाकायचा, आणि आतल्या धुमसणाऱ्या भागावर पाणी ओतत काठीने ढवळायचं. नुसतं वरून पाणी शिंपडलं तर वरचा थर ओला होतो आणि खालचा तसाच जळत राहतो. पंपातलं पाणी आम्ही फक्त अशा जागांसाठी राखून ठेवतो. डोक्यावर वाहून आणलेलं पाणी ज्वाळांवर उडवणं परवडत नाही.

तोवर पाच वाजत आले होते आणि माथ्यावर फिरणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती. मुलं, कुत्री, म्हातारी माणसं. बरेच जण धूर बघून कड्याच्या टोकाला येऊन व्हिडिओ घेत होते, म्हणजे नेमके आगीच्या वाटेवर. दोन मजुरांना फक्त त्यासाठी वर पाठवावं लागलं. “काका, इथं थांबू नका, एआरएआयच्या बाजूला चला, तिकडून उतरा.” लोक ऐकतात, पण आलो त्याच वाटेने परत जायचा हट्ट धरतात, आणि पंचवटीची वाट धुरात होती.

माथ्याच्या अलीकडे जाळरेषा होती, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा. ती कशी करतात तेही सांगतो, कारण जानेवारीत आम्ही गवत जाळताना दिसलो की तक्रारी येतात. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी हे उरकायचं. सहा मीटर रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापून मधे पसरायचं, दोन्ही कडा मीटरभर खरडून घ्यायच्या, आणि सकाळी दव असताना, वारा पडलेला असताना, माणसं उभी करून तो पट्टा जाळायचा. पण मार्चमध्ये पानगळीने त्याच पट्ट्यावर पुन्हा पाचोळा पडतो. तो दर आठवड्याला उडवला नाही तर जाळरेषा फक्त नकाशावर राहते. ही रेषा चार दिवसांपूर्वीच साफ केलेली होती. आगीचं तोंड तिथे येऊन बसलं, दोन्ही बाजूंच्या टोळ्या भिडल्या आणि सहाच्या आत ज्वाळा संपल्या.

खरं चिकाटीचं काम त्यानंतर सुरू होतं. सुकलेलं शेण तासन् तास धुमसतं आणि गडगडत खाली गेलं तर नवी आग लावतं. पोकळ बुंधे, जुनी खुंटं, चर. कडेपासून दहा मीटर आतपर्यंत प्रत्येक जागेवर तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघायची. रात्री वारा उलटा, खाली वाहायला लागतो, त्यामुळे खालच्या कडेला माणसं बसवावी लागतात. पहाऱ्याची मुदत दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत, कारण झाकलेला निखारा उन्हं तापल्यावर पुन्हा डोकं वर काढतो.

सकाळी जीपीएस घेऊन कडेने चाललो: साधारण सव्वादोन हेक्टर. मग पंचनामा आणि उगमाचा शोध. आग जिकडून आली त्या बाजूला दगड काळवंडतो, मागची बाजू स्वच्छ राहते. आग वाऱ्याबरोबर चढते तेव्हा खोडावरचं काळं वरच्या अंगाला जास्त उंच जातं. उगमाजवळ, जिथे आग अजून संथ असते, तिथे गवताच्या काड्यांची बुडं आगीच्या बाजूने आधी जळतात, म्हणून काड्या आगीकडे डोकं करून पडतात. अशा खुणांवरून उलटं चालत गेलो ते पायथ्याच्या एका भिंतीपाशी थांबलो. भिंतीबाहेर झाडून टाकलेल्या पाचोळ्याचा ढीग, वर थंड राख, आत अजून लाल. पेटवून, ‘विझलं’ समजून सोडून दिलेला. राखीव वनात आग लावणं किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, त्याप्रमाणे नोंद झाली. पाचोळा जाळूच नये. कोपऱ्यात खड्डा करून ओला ठेवला तर त्याचं खत होतं.

त्याच दुपारपासून फोन सुरू झाले: जळलेल्या जागेवर झाडं लावायला येऊ का? लोकांची कळकळ खरी असते, म्हणून प्रत्येकाला नीट सांगतो की लावू नका. ही जमीन मेलेली नाही. कुसळी गवताची मुळं जिवंत आहेत. कुलई, कळलावी, आषाढ आमरी यांचे कंद मुरमाखाली आहेत आणि पहिल्या पावसात ते वर येतात. खड्डे खणले की तेच उपसले जातात. आणि ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हा समजही सोडायला हवा. एकदा हिरवं दिसतं, पण उघड्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या सरींत वाहून जाते. दरवर्षी जळणाऱ्या जागी चांगलं बहुवर्षायु गवत मागे हटतं. शिवाय मार्चपासून टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात, आणि चंडोलासारखे पक्षी गवताच्या बुडाशीच घरटं करतात.

फिरणाऱ्यांकडून आम्हाला एकच गोष्ट हवी असते: पायवाट सोडू नका. आगीनंतर गवत गेलेलं असतं आणि उतार मोकळा दिसतो. दोन-चार जण वळणाची पायवाट सोडून सरळ खाली उतरतात, आठवड्याभरात तिथे नवी वाट पडते. सरळ उताराची वाट म्हणजे पावसाळ्यात ओघळ, आणि दोन पावसाळ्यांत गुडघाभर घळ. म्हणून विझवल्याच्या दुसऱ्या दिवशीच त्या जागेच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. त्या कुणी बाजूला सारू नयेत. धूर दिसला तर १९२६ किंवा १०१ वर फोन करा आणि चार गोष्टी सांगा: कुठला दरवाजा, जवळची खूण, धुराचा रंग, वारा कुठे वाहतोय.