एकच फुटेज, दोन कट: निवेदनासह आणि निवेदनाशिवाय

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांवरच्या माहितीपटाचे दोन्ही रफ कट (संकलनाचे कच्चे मसुदे) तयार झाले. फुटेज एकच, लांबी साधारण 12 मिनिटं. ‘अ’ कट जुन्या वळणाचा: आधी संहिता लिहिली, ती एका आवाजात रेकॉर्ड केली आणि त्यावर चित्रं बसवली. ‘ब’ कटमध्ये निवेदन अजिबात नाही. काका बोलतात, काम करतात, मध्येच गप्प होतात.

‘अ’ भराभर उभा राहिला. काळाची मोठी उडी मारायला निवेदनासारखं साधन नाही, हे मान्यच करावं लागतं. “1969 साली पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आलं आणि पुढे चावीच्या घड्याळांची मागणी घसरत गेली.” काही सेकंदांत काम झालं. काका असं वाक्य कधीच बोलणार नाहीत, आणि मी त्यांच्याकडून ते वदवून घेणार नाही. पण त्याच कटमध्ये माझा सगळ्यात आवडता शॉट वाया गेला. चिमट्यात बॅलन्स व्हील (घड्याळाची लय राखणारं चाक) धरून काका श्वास रोखतात, तो शॉट. त्यावर निवेदन चालू असताना कान माहिती घेत राहतात आणि डोळे नुसते चित्रावरून फिरतात. आवाज काढून तोच शॉट लावला, तर काकांबरोबर आपलाही श्वास अडकतो.

खरा फरक मात्र दुसरीकडे सापडला. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांमुळे यांत्रिक घड्याळांचा आणि पर्यायाने दुरुस्तीचा धंदा बसला, असं माझी संहिता सांगते. काका मुलाखतीत उलटंच बोलले: “सेलच्या घड्याळांनी मला जगवलं. सेल बदलायला माणसं येत राहिली. मोबाइल आला आणि लोकांनी मनगटाकडे बघणंच सोडलं.” ‘अ’ कटमध्ये या बोलण्याला जागाच मिळत नव्हती. संहितेचा युक्तिवाद आधीच ठरला होता, त्याला छेद देणारं वाक्य आपोआप बाहेर पडलं. माणसाला स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावू द्यायचा, तर तो अर्थ आपल्या अर्थाशी भांडू शकेल एवढी जागा कटमध्ये ठेवावी लागते.

निवेदन ही केवळ एका काळाची आवड होती, असं बोललं जातं. त्यामागे यंत्रांची अडचणही होती. ध्वनिमुद्रणाचं सामान अवजड, कॅमेरे गोंगाट करणारे. मग बाहेर मूक चित्रण करून नंतर आवाज चढवणं सोयीचं पडे. तरीही ब्रिटनमध्ये 1935 साली ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या माहितीपटासाठी ते सामान गरीब वस्तीतल्या घरांत नेलं गेलं आणि तिथल्या रहिवाशांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःचे हाल सांगितले. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजन (माहितीपट काढणारी सरकारी संस्था) म्हटलं की तो भारदस्त निवेदकच आठवतो, पण त्याच संस्थेसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी 1967 साली ‘आय अ‍ॅम 20’ केला: 1947 साली जन्मलेली तरुण मुलं देशाबद्दल, स्वतःबद्दल मोकळेपणी बोलताहेत. आजही ताजा वाटतो, जरूर बघा. या दोन उदाहरणांमुळे ‘जुनं म्हणजे निवेदन, नवं म्हणजे पात्रांचा आवाज’ ही वाटणी मला फारशी पटत नाही. 1960च्या आसपास हलके 16 मि.मी. कॅमेरे आणि नाग्रासारखे सुटसुटीत टेपरेकॉर्डर हाती आले आणि अपवादाने होणारं काम सहज होऊ लागलं, इतकंच.

आता ‘ब’च्या कामाबद्दल, कारण सगळा वेळ तिथेच गेला. प्रश्न कापले जाणार असल्याने उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. “हे काम कधी शिकलात?” याला “लहानपणी” असं उत्तर आलं की ते वापरता येत नाही. “पहिलं घड्याळ उघडलंत त्या दिवसाबद्दल सांगा,” म्हटलं की अख्खा प्रसंग येतो. उत्तर संपलंसं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. काकांचं मोबाइलबद्दलचं वाक्य अशाच शांततेनंतर आलं.

आणि टिकटिक! दुकानात लंबकाची घड्याळं चालू होती. बोलण्यात कुठेही कट मारला की ठोक्यांची लय तुटते आणि जोड लगेच ऐकू येतो. ‘अ’मध्ये निवेदन आणि संगीताखाली हे झाकलं गेलं, ‘ब’मध्ये झाकायला काहीच नाही. पुढच्या चित्रणात मुलाखतीपुरते जवळचे लंबक थांबवणार आणि टिकटिक स्वतंत्र रेकॉर्ड करून खाली सलग ट्रॅक टाकणार. पण याच तुटलेल्या लयीने मला सावध केलं. निवेदक काढला म्हणजे दिग्दर्शकाचं मत गेलं, असं नसतं. ते कटांमध्ये जाऊन बसतं. निवेदकाचं मत प्रेक्षकाला निदान ऐकू येतं, त्याच्याशी वाद घालता येतो; दोन वेगळ्या उत्तरांतली वाक्यं जोडून काकांच्या तोंडी चढवलेलं माझं मत कोणालाच दिसणार नाही, विशेषतः टिकटिकीचा ट्रॅक सलग असेल तर. म्हणून स्वतःसाठी नियम घातला: अडखळणं, पुनरुक्ती काढायची, दोन उत्तरं जोडून एक करायचं नाही. जोडणं अगदीच भाग पडलं तर मध्ये चित्र बदलायचं, वेळ गेल्याचं कळू द्यायचं.

निर्णय ‘ब’च्या बाजूने, पण 1969चं वाक्य सोडवत नाही. ते साध्या अक्षरपाटीवर (पडद्यावर नुसता मजकूर), काकांच्या सेलवाल्या बोलण्याच्या लगेच आधी येईल. सर्वमान्य गोष्ट माहीत असेल तरच त्यांचा विरोध ऐकू येतो.

पुढची पायरी: हा कट काकांना दाखवायचा आणि ते बघताना चित्रण करायचं. 1961च्या ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ या फ्रेंच माहितीपटात दिग्दर्शक झां रूश आणि एदगार मोरँ यांनी चित्रित माणसांना फुटेज दाखवून त्यांची मतंही चित्रपटात घेतली होती. काकांनी अक्षरपाटीवर हरकत घेतली, तर पाटी ठेवून हरकतही शेजारी लावायचा विचार आहे. असं कोणी करून पाहिलं असेल, तर आक्षेपाचा भाग मूळ प्रसंगाला लागूनच ठेवलात की शेवटी, हे जरूर सांगा.