अंगठ्याची जागा

पिस्तूल घेतलं शेवटी. मोरिनी सीएम १६२, १० मीटरचं एअर पिस्तूल, सेकंडहँड. आनंद झालाच, कोल्हापूरहून येताना मी गाडीत सारखी बॉक्स उघडून बघत होते आणि मंदार वैतागला होता, पण घरी येऊन नीट हातात धरलं तेव्हापासून काहीतरी खुपतंय आणि ते काय ते धड कळत नाहीये म्हणून लिहितेय.

ग्रिपचं आहे. म्हणजे मला तरी तसं वाटतंय.

टार्गेट पिस्तूलची ग्रिप, म्हणजे मूठ, कंपनीतून आली तशी सहसा कोणी ठेवत नाही. लाकूडच असतं, बोटांच्या खाचा असतात, तळव्याखाली वरखाली सरकणारी फळी असते, पण टोचतं तिथे घासायचं आणि पोकळ लागतं तिथे पुट्टी भरायची, असं करत करत ती त्या एका माणसाची होत जाते. मनगट मोकळं राहिलं पाहिजे आणि आख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, एवढं सांभाळलं की लाकडाचं काय करायचं ते करा. तर या ग्रिपला अंगठ्यापाशी खोलगट घासलंय आणि करंगळीखाली पुट्टी आहे, तिच्यावर बोटाच्या पुसट रेषासुद्धा उमटल्यात. माझा अंगठा त्या खोलगटात पोचतच नाही, अलीकडेच राहतो.

जिचं पिस्तूल ती मुलगी बाहेर आली नाही. वडिलांनीच बॉक्स आणला, हवेच्या सिलेंडरवरची तारीख दाखवली (१० वर्षं धरतात त्याची, बरीच शिल्लक आहेत), छर्ऱ्यांचे डबे वर फुकट दिले, चहा झाला. "एकाच हातातलं आहे बघा, आमच्या पोरीनंच वापरलंय फक्त." आतल्या खोलीचं दार शेवटपर्यंत बंद. हॉलमध्ये तिची मेडल्स, आणि भिंतीवर एक मोकळा खिळा. कोल्हापुरात काय, तेजस्विनी सावंत झाली, राही सरनोबत झाली, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं ब्राँझ झालं, की रेंजवर पोरं वाढतात. त्यातली किती पिस्तूल विकून मोकळी होतात ते कोण मोजतंय. मला एवढंच वाटत राहिलं की तिला विचारलं तरी होतं का विकताना.

बाकी पिस्तूल म्हणून बोलायचं तर बोलायलाच नको. वजन किलोच्या आसपास, पण नळी हाताच्या इतकी जवळ आहे की गोळी सुटल्यावर जागचं हलत नाही. क्लबच्या जुन्या पिस्तुलाला झटका होता आणि ट्रिगर दाबताना आत काहीतरी सरकतंय हे बोटाला कळायचं. याचा ट्रिगर बॅटरीवरचा. पहिला टप्पा, मग भिंत, मग काही नाही, गोळी गेलेली असते. ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही, मॅचला वजन टांगून बघतात, आणि ५०० ग्रॅम बरोबर किती असतात ते मला या ट्रिगरवर कळलं. आईंनी विचारलं लायसन्स कुठाय. .१७७ बोअरचं आहे, २० जूलच्या आतलं आहे, लागत नाही म्हटलं, तर त्या म्हणाल्या मग देव्हाऱ्याशेजारी नको ठेवू. आता याचा त्याच्याशी काय संबंध, पण नाही ठेवलं.

बालेवाडीच्या रेंजवर नेलं. दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा, आणि माझे सगळे छर्रे उजवीकडे सात-आठात जाऊन बसलेले. ग्रुप छान होता, हे जास्त लागलं. पिस्तूल एकाच जागी मारत होतं, फक्त ती जागा माझी नव्हती. मग तिथे बसून उगाचच एनसीसी आठवलं, पॉइंट टू टूची रायफल, कॅम्पला जायचं ठरलं होतं आणि अण्णा म्हणाले, असो. त्या वेळी माझ्या हातातलं काय काय कुणाला दिलं गेलं याची यादी कोणी ठेवलेली नाही. मला कोणी विचारलं होतं का? आणि आता पन्नाशीला मी दुसऱ्या कुणाच्या पोरीचं, असंच न विचारता काढून घेतलेलं, पैसे टाकून घरी आणलंय. डोळे भरून आले खरंच, ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी) लावलेला होता म्हणून बरं.

शेजारच्या लेनमधली चिमुरडी, सातवी-आठवीतली असेल, माझं टार्गेट बघून म्हणाली, "काकू, अंगठा दाबताय तुम्ही. त्यानं उजवीकडे जातं. अंगठ्याला काही कामच नसतं, तो नुसता पडलेला असतो." आणि गेली आपल्या जागेवर. मी अंगठ्यावरून एवढं रामायण केलं आणि त्याला काही कामच नाही.

तरी ती बंद खोली जाईना डोक्यातून. रात्री वडिलांच्या नंबरवर मेसेज टाकला, ग्रिप घासू का, मुलीची हरकत नाही ना. उत्तर तिच्याच नंबरवरून आलं. "हाय काकू, बिनधास्त घासा. तो अंगठ्याचा खड्डा माझा नाहीच, आधीच्या दादानं केलेला, मला पण कधी बसला नाही, मी तशीच मारायचे. त्या दिवशी भेटले नाही सॉरी, ऑनलाइन पेपर होता. बॉक्सच्या फोमखाली ॲलन कीचा सेट राहिलाय, नव्या पिस्तुलाला लागतोय, कुरिअर कराल प्लीज?"

नव्या पिस्तुलाला.

म्हणजे मी जिच्यासाठी हळहळत होते ती पुढचं पिस्तूल घेऊन मोकळी, आणि ज्याच्या अंगठ्यावर मी रडले तो कुठला तरी दादा. हसू आलं, पण जरा अपमानही झाल्यासारखं वाटलं, का ते माहीत नाही. नंतर डोक्यात आलं की आधीचा दादा होता तर एकाच हातातलं कसं? फर्स्ट ओनर म्हणून मी घासाघीस केली नव्हती. निदान दोन हजार तरी कमी झाले असते.

ताई म्हणते फोन कर आणि माग. मंदार म्हणतो जाऊ दे, चहा प्यायलीस त्यांच्याकडे. मी हार्डवेअरवाल्याकडून कानस आणि पॉलिश पेपर आणलाय, खड्डा उद्या काढतेच. ॲलन कीचा सेट सापडला, चांगला आहे. दोन हजारांचं काय ते ठरेपर्यंत माझ्याकडेच राहील.