उजनी मायनसमध्ये गेली की...
(माजी विद्यार्थी, दहावी १९८८)

शाळेच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, फ्लेमिंगोवर लिहा. आणि दोन-चार फोटोही पाठवा." त्याचं काही चुकलं नाही. भिगवणकडचा फोटोग्राफर म्हटलं की लोकांना रोहित पक्षीच आठवतात. हिवाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या कुंभारगावला लागतात, हातभर लांब लेन्स बाहेर निघतात आणि एकाच थव्यावर वीसेक कॅमेरे तुटून पडतात. रोहितांचे फोटो माझ्याकडेही ढीगभर आहेत. पण दुसऱ्या कुणाच्या फोटोंत मिसळून ठेवले तर त्यातला माझा कुठला, हे मलाच सांगता यायचं नाही. म्हणून या लेखातून पक्ष्यांना सुट्टी.

मी मन लावून जे काम केलं ते उजनी धरणात बुडालेल्या आणि पाणी उतरल्यावर दिसणाऱ्या गावाचं. उजनीचं भूमिपूजन १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं, १९८० मध्ये धरण पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी तळाचा मृतसाठा. वरचा उपयुक्त साठा संपला की पेपरात मथळा येतो, 'उजनी मायनसमध्ये'. गावोगाव धावपळ सुरू होते. पाणी मागे सरकतं तशी मोटार पुढे न्यायची, केबल जोडायची, पाइप वाढवायचे, तरी उसाची पानं पिवळी पडायची ती पडतातच. माझ्याही घरी हेच चालतं. फक्त त्याच बातमीसरशी मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावतो, आणि घरचे माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात.

पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर सगळ्यांना माहीत आहे. पाणी उतरत गेलं की आधी शिखर दिसतं, मग सभामंडप, मग आवारातले वीरगळ आणि सतीशिळा. मंदिराचे फोटो पुष्कळांनी काढले, चांगले काढले. मला ओढ होती मंदिराच्या पलीकडच्या जोत्यांची, गल्ल्यांची, विहिरींच्या काठांची. आमच्या पिढीतली धरणग्रस्तांची मुलं नव्या गावठाणात वाढली. 'आपलं गाव' हे आमच्यासाठी मोठ्यांच्या बोलण्यातलं ठिकाण होतं. ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढ्याच हेतूनं मी पहिल्यांदा तिकडे गेलो. हा प्रकल्प वगैरे आहे हे मला पुष्कळ उशिरा कुणीतरी सांगितलं.

काम करण्याची रीत मात्र थेट शाळेतून आलेली आहे. मागच्या मैदानात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता, आठवत असेल. शाळा अकराची, पण ज्याची पाळी असेल त्यानं सकाळी साडेआठला हजर व्हायचं, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून मिलिमीटर वाचायचे आणि वहीत लिहायचे. आपला भाग पर्जन्यछायेतला. बहुतेक सकाळी ओतायला थेंबही नसायचा. मग '०.०' लिहायचं. वर्गातल्या एकानं भूगोलाच्या बाईंना विचारलं, पाऊसच नाही तर यायचं कशाला? बाई म्हणाल्या, "रकाना मोकळा राहिला तर पुढं बघणाऱ्याला कळणार कसं, पाऊस आला नव्हता का तू आला नव्हतास?"

मी आजही त्या हिशेबानं काम करतो. एका विहिरीच्या काठावर एक दगड ठरवून ठेवला आहे. दर उन्हाळ्यात त्याच दगडावरून, त्याच दिशेनं, त्याच उंचीवरून एक फोटो काढायचा. ज्या वर्षी धरण उतरत नाही त्या वर्षी दगड पाण्याखाली असतो. तरी नावेतून तिथपर्यंत जायचं आणि नुसत्या पाण्याचा फोटो काढायचा. हे कोरे, पाण्याचे फोटो प्रदर्शनात लावले तर लोक पटापट पुढे सरकतात. सरकू देत. ते नसतील तर उरलेल्या फोटोंना अर्थ नाही. पुढे निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराचं काम पाहायला मिळालं. त्यानं १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी त्याच चार बहिणींचा, त्याच क्रमानं उभं करून, एकेक फोटो काढला. बाईंना हा माणूस नक्की आवडला असता. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो बघूनही धीर आला. एकाच कामगारवर्गाकडे वर्षानुवर्षं जात राहिल्याशिवाय तसे फोटो मिळत नाहीत.

फोटोचं तंत्र शिकलो ते शाळेबाहेर, एका स्टुडिओत, सुट्ट्यांमध्ये पडेल ते काम करून. चित्रकलेच्या सरांकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे स्नेहसंमेलनात सर प्रत्येक फोटोआधी इतका विचार करायचे की नाटकातला प्रवेश संपून जायचा. रोल धुवायला मी स्टुडिओत नेई. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं द्रावण, वीस अंशांच्या आसपास असावं लागतं. आपल्याकडचा मे महिना, पत्र्याखालची डार्करूम, आत लाल दिवा आणि बंद दार. द्रावण तापलं की फिल्मवरचा थर मऊ पडून सुटायला लागतो. स्टुडिओवाल्या काकांनी त्यावर नामी तोड काढली होती. भिगवणच्या मासळी बाजारातून बर्फ आणायचा आणि मोठ्या परातीत बर्फ पसरून त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवायचा. बर्फ आणायचं काम माझं. त्यामुळे आमच्या डार्करूमला हायपो या रसायनाचा आणि चिलापी माशाचा असा मिळून वास असे. लग्नाच्या अल्बमलाही तो थोडासा यायचा, असं माझं मत आहे. काका ते कधीच मान्य करत नसत.

पुढं रंगीत आलं, लॅब पुण्यात गेल्या, मग डिजिटल आलं आणि डार्करूमच्या जागी झेरॉक्सचं मशीन बसलं. मला त्याचं फार दुःख झालं नाही. पोट लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं, आणि ऑर्डरवाल्याला फोटो संध्याकाळी मोबाईलवर हवा असतो. आता तर त्याच उतरलेल्या पाण्याच्या काठावर प्री-वेडिंग शूट चालतात. रंगीत धूर सोडायचा, नवरी नावेत, नवरदेव काठावर. मी तेही करतो. बरे पैसे मिळतात आणि त्यातूनच माझ्या दगडाचा खर्च निघतो.

डिजिटलनं मला काय दिलं म्हणाल, तर ड्रोन. जमिनीवर उभं राहिलं की भेगाळलेला गाळ आणि चार दगड दिसतात. वरून पाहिलं तर गाव दिसतं. घरांच्या चौकटी, मधली बोळं, पेठेचा रुंद रस्ता, विहिरींची गोल तोंडं. पहिल्यांदा स्क्रीनवर ते पाहिलं तेव्हा मी ड्रोन तसाच घिरट्या घालत ठेवला होता, शेवटी बॅटरीनं बोंब मारली.

त्या फोटोची मोठी प्रिंट काढून मी एका आजोबांकडे गेलो. नव्या गावठाणात राहतात, नव्वदीच्या घरात आहेत. प्रिंट ओट्यावर पसरली. आजोबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काय कळंना बघा." मी बोटानं मंदिर दाखवलं. तरी नाही. मग त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरून सावकाश फिरवला. "आवो, गाव उलटं धरलंय तुम्ही. नदी खालच्या अंगाला पायजे." मी नकाशासारखी उत्तर दिशा वर ठेवली होती. त्यांच्यासाठी घराच्या दारात उभं राहिलं की नदी समोर उताराला, म्हणून ती खाली. कागद फिरला आणि त्यांचं बोट भराभर चालू लागलं. हा पार, ही चावडी, हितं तालीम, हितनं डाव्या हाताला वळायचं. एका जोत्यावर येऊन थांबले. "ही आमची. पाणी भरताना दारं-खिडक्या काढून आणल्या, भितीचं दगड ऱ्हायलं." आतून आजी बाहेर आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "तालीम हितं न्हाय, आडाच्या पल्याड." दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं.

त्या दुपारपासून कामाला वेगळं वळण लागलं. आता प्रिंट घेऊन मी घरोघर जातो, सोबत जाड कागद आणि पेन्सिल असते. ज्याला जसं आठवतं तसं तो प्रिंटवर लिहितो. पुरुष शेतं, पार, तालीम सांगतात. बायका आड, पाणवठे, जातं कुणाच्या पडवीत होतं, कुठल्या वाटेनं गेलं की सासरे दिसत नसत, ते सांगतात. गावाचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते जुळवायला मी जात नाही. २०२४ च्या जूनमध्ये धरण उपयुक्त साठ्याच्या हिशेबानं उणे ५९ टक्क्यांच्याही खाली गेलं, तेव्हा काही ज्येष्ठांना ट्रॅक्टरमधून जोत्यांपर्यंत नेता आलं. तोवर अनेकजण राहिले नव्हते. त्यांच्या प्रिंटवर आता नातवंडं लिहितात, ऐकलेलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे येणारी नाव वादळात उलटली आणि सहा जण गेले. बाहेरून फोटोसाठी फोन आले. मी गेलो नाही. काठावर ज्यांच्या माणसांचा शोध चालला होता ते लोक ओळखीचे होते.

हल्ली गंमत अशी होते की इथं रखरखीत ऊन असतं आणि धरण चढत असतं. पाऊस पडतो घाटमाथ्यावर, पाणी येतं पुण्याकडून. 'दौंडचा विसर्ग वाढला', म्हणजे दौंडकडून धरणात येणारं पाणी वाढलं, ही बातमी आली की आठवड्याभरात माझी जोती बुडणार हे कळतं. मग फोटोचं काम थांबतं आणि लिहिलेल्या प्रिंट स्कॅन करायचं सुरू होतं.

आता एक विनंती. आपल्या शाळेत धरणातल्या बऱ्याच गावांची मुलं शिकली. घरात जुन्या गावचे फोटो असतील, लग्नाचे, बारशाचे, बैलपोळ्याचे. मागे भिंत किंवा दार दिसत असेल तर मला ते हवे आहेत, माणसं ओळखू आली नाहीत तरी चालेल. महोत्सवाच्या दोन्ही दिवशी प्रयोगशाळेच्या खोलीत मी स्कॅनर घेऊन बसणार आहे. फोटो अल्बममधून उपटू नका, गोंद धरून असतो, कागद फाटतो. अल्बमसकट आणा. काच लावलेली तसबीर असेल तर फ्रेमसकट आणा, उघडायचं मी बघतो. फोटो तिथल्या तिथं परत मिळेल. येताना घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन या, खुर्चीची सोय केली आहे.