डिड यू वेन्ट?

इंग्रजी क्रियापदांचा पहिला दिवस नेहमी मजेत जातो. एकाने उडी मारायची, टाळी वाजवायची, खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं : जम्प! क्लॅप! सिट! पोरं खूश, शिकवणारा त्याहून खूश. मग 'इज' येतं. "मावशी, आता इज करून दाखव," असं भाचीने फर्मावलं तेव्हा मी जागच्या जागी उभी राहिले. "अगं, कर ना काहीतरी!" काय करणार? क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद, अशी व्याख्या आपण सगळ्यांनीच घोकली आहे. आणि ज्याच्यावाचून इंग्रजीचं पान हलत नाही ते क्रियापद स्वतः हातपाय हलवत नाही. आपलं 'आहे'ही तसंच बसून असतं म्हणा, पण त्याचा अभिनय करायला आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या लहानपणी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. २००० सालापासून ते पहिलीत आलं. त्यामुळे आताच्या पाचवीतल्या मुलांना शब्द भरपूर येतात, पण तक्त्यापाशी येऊन तीही आमच्यासारखीच थबकतात. तोच तक्ता, पाढ्यांच्या चालीवर म्हणायचा : गो-वेन्ट-गॉन, ईट-एट-ईटन, डू-डिड-डन. त्यात कट-कट-कट आणि पुट-पुट-पुट ही सगळ्यांची लाडकी. 'रीड' लबाड. लिहिताना तिन्ही घरांत सारखंच बसतं आणि वाचताना रीड-रेड-रेड होतं.

मुलं मात्र तक्ता बाजूला ठेवून स्वतःचं डोकं चालवतात. प्लेचं प्लेड, मग ईटचं 'ईटेड' आणि गोचं 'गोएड'. यात मराठीचा दोष नाही. ज्यांची आई इंग्रजीत रागावते ती पोरंही हेच म्हणतात. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना चक्क खोटी क्रियापदं दिली होती. हा माणूस 'ग्लिंग' करतो, काल त्याने काय केलं? मुलं बेधडक 'ग्लिंग्ड' म्हणाली. मोठ्यांपैकी पुष्कळांना मात्र 'सिंग-सँग' आठवलं आणि ते 'ग्लँग' म्हणाले. तक्ता अंगात मुरला की असं होतं. आपल्याकडचं तीन वर्षांचं पोर "मी करलं" म्हणतं तेव्हा आपण कौतुकाने हसतो. तेच पोर आठ वर्षांनी 'ईटेड' लिहितं तेव्हा लाल रेघ मारतो. डोकं दोन्ही वेळा तेच चाललेलं असतं.

आणि गो-वेन्टला नावं ठेवायला आपण कोण? जा, जातो, जाईल, आणि एकदम 'गेला'? 'जा' आलं संस्कृतातल्या 'या' धातूवरून आणि 'गेला' आलं 'गत'वरून. तिकडे 'वेन्ट' हे मुळात 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, गोने ते पळवलं. जाण्यात दोन्ही भाषांना अशी उसनवारी का करावी लागली कोण जाणे.

असल्या अडेलतट्टू क्रियापदांचा हिशोब हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली मांडला होता. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. त्यातली आज ९८ तशीच उरली आहेत. बाकीची मुकाट 'एड' लावून रांगेत आली. हेल्पचं एके काळी 'होल्प' व्हायचं, आता हेल्प्ड होतं. जे क्रियापद कमी वापरात ते लवकर सुधारतं. जे दिवसातून पन्नासदा तोंडात येतं ते आपला हेका सोडत नाही. म्हणजे मुलांना पहिल्याच आठवड्यात जी लागतात तीच नेमकी सगळ्यांत वात्रट.

वात्रटपणात 'एस'चाही नंबर वरचा. एक मुलगा असला की प्लेज, पाच मुलं असली की नुसतं प्ले. खालच्या मजल्यावरचा मुलगाही आमच्या शिकवणीला येऊन बसतो, त्याला हे अजिबात पटलेलं नाही. "बॉयला एस लावला की मुलं वाढतात, मग प्लेला एस लावला की कमी कशी होतात?" मी नियम पुन्हा सांगितला. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

पण खरी गंमत 'डिड'ची. आपल्याला प्रश्न विचारायला शेवटी एक 'का' पुरतो, म्हणून पोरं सुरुवातीला "यू ईट मँगो का?" असं सुटसुटीत विचारतात. त्यांना डू आणि डिड शिकवावं लागतं. शिकले, की लगेच "डिड यू वेन्ट?" भूतकाळ आहे ना, मग दोन्हीकडे दाखवायला नको? मी सांगते : बसमध्ये दोघं चढलात, पुढच्याने दोघांचं तिकीट काढलं, आता मागच्याने काढायचं नाही. डिडने भूतकाळाचे पैसे भरले. हे मात्र पटतं. पैशाचं सगळ्यांनाच पटतं.

भाचीला तर इतकं पटलं की तिने त्यातून पळवाट काढली. डिडने तिकीट काढलं की मागचं क्रियापद मूळ रूपात राहतं ना? मग तक्ता पाठ करायचाच कशाला? आय डिड गो. आय डिड सी. आय डिड ब्रेक. एरवी आपण बोलताना तेच तर करतो : कट केलं, ट्राय केलं, सेंड केलं. इंग्रजी क्रियापद मराठीत आलं की दुसरं-तिसरं रूप दारातच ठेवून येतं. 'सेंट केलं' कुणी म्हणत नाही. ('काम डन!' हा एक अपवाद आठवतो.)

चाचणीत तिने "यस्टरडे आय डिड ईट पोहे" लिहिलं. बाईंनी गुण कापला. तिला म्हटलं, तुझं वाक्य चुकीचं नाही, एखाद्या गोष्टीवर जोर द्यायचा असला की इंग्रज माणूस असंच बोलतो. तर म्हणे, "मग सांग ना बाईंना!" आता पालकसभेला मीच जाणार आहे. फक्त बाईंनी विचारलं की काल पोहे खाल्ले यावर एवढा जोर कशाला, तर काय सांगायचं ते आम्ही दोघी अजून ठरवतो आहोत. भाचीचं म्हणणं, सरळ सांग, आई म्हणत होती मी खाल्लेच नाहीत.