वारीतला उलटा हिशोब

देव मानत नसताना वारीला का गेलीस, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मावशीने विचारलं नाही. तिने माझी भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी, परस्पर भरून टाकली आणि फोनवर सांगितलं, "दोन लुगडी घे, नाहीतर ते तुमचे पंजाबी ड्रेस घे. सामान ट्रकात टाकता येतं." मावशीच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ आहे. तिची दिंडी परभणीकडची. आळंदीला माउलींच्या पालखीत मिळते आणि रथामागे चालते. मला अभंग पाठ नाहीत, सगळं पटतही नाही, असं मी म्हटलं तर म्हणाली, "चालायचं आणि म्हणायचं. पटायचं काय त्यात?"

मला मात्र पटण्याचंच पडलं होतं. चाळिशी ओलांडली की आयुष्याबद्दलची आपली मतं ठरून जातात. नशीब नसतं, माणसं मुळात चांगली असतात, सगळे समान असतात. चारचौघांत आपण हे ठणकावून सांगतो, पण दिवसभरात त्यातलं किती वापरात येतं ते कोणी मोजत नाही. म्हणून मी एक वही नेली होती. तिच्यात उलट्या बाजूने हिशोब मांडायचा होता. रात्री आधी लिहायचं की आज काय केलं. मग ही कोणी अनोळखी बाई आहे असं समजून ओळखायचं की ती काय मानत असेल.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि माणसं मृदंगाच्या जोरावर चढतात. त्या रात्री पाय गरम पाण्यात सोडून वहीत लिहिलं: औषधं दोन पिशव्यांत वाटून ठेवली, एक ट्रकात, एक खांद्यावर. पर्स उशाखाली नाही, पोटाशी बांधून झोपले. अनोळखी म्हाताऱ्याने 'माउली' म्हणून पायाला हात लावला तेव्हा मीही वाकले. निष्कर्ष: बाई नशिबाला टरकून असते, माणसांवर तिचा विश्वास नाही, आणि देव मानत असावी. माझ्या जाहीर मतांच्या बरोब्बर उलट. मला हसूच आलं. (पर्सच्या बाबतीत मी अजूनही तिच्याच बाजूने आहे. गर्दीत साखळ्या मारणारेही वारी करतात.)

मग इतरांचा हिशोब मांडायचा नाद लागला. आमच्या दिंडीत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका होते. दर वाक्यामागे "त्याची इच्छा". पाऊस आला, त्याची इच्छा. नाही आला, त्याचीच. पण पाण्याचा टँकर येऊन लागला की काका सगळ्यांत आधी हजर. कुठल्या विहिरीचं भरलं, टीसीएल (जंतू मारायची पावडर) टाकलं का, किती टाकलं? ड्रायव्हरने नीट उत्तर दिलं नाही तर काका कोणाला हंडा लावू देत नसत. पांडुरंगाच्या इच्छेवर त्यांनी टँकर कधी सोडला नाही. विसंगती दाखवावी म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "अहो ताई, जुलाब झाले तर वारी मोडल. वारी मोडावी ही त्याची इच्छा कशी असंल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या बोलण्यात आणि वागण्यात मला जी फट दिसत होती, ती त्यांच्या बाजूने पाहिलं तर नव्हतीच.

वारीबद्दल लिहिणारे रिंगणाचं भरभरून लिहितात, आणि चांदोबाच्या लिंबाजवळ घोडा धावतो तेव्हा अंगावर काटा येतो हे खरंच आहे. पण मला सगळ्यांत जास्त आवडली ती संध्याकाळची समाज आरती. पालखी मुक्कामाला पोचली की दिंड्या तळावर गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ शिगेला पोचलेला असतो. चोपदार दंड वर करतो आणि हजारो टाळ एकाच क्षणी थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही, टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात आणि गाऱ्हाणं ऐकतात. पाणी मिळालं नाही, कोणी क्रम मोडून पुढे घुसलं, जागेवरून वाद झाला, असलं काहीही. त्याचा निकाल लागतो, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि मग आरती.

ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. सरदार शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस, लष्कर कसं हलवतात ते पाहिलेला. दिंड्यांचे क्रम, मुक्काम, चोपदार सगळं ठरवून दिलं. मला त्यातलं शहाणपण असं दिसतं की एवढ्या भाविक लोकांच्या नुसत्या भावावर त्यांनी काही सोपवलं नाही. सगळे एकमेकांना माउली म्हणतात, म्हणून भांडणार नाहीत, असं धरून ते चालले नाहीत. भांडण होणारच, मग त्याला रोजची एक वेळ आणि एक जागा दिली. माळ घालणाऱ्यालाही कोणी श्रद्धेचा पुरावा मागत नाही. मांस-दारू सोड, एकादशी धर, वारी चुकवू नको, एवढंच सांगतात. मनाचं नंतर बघू. देव मानत नसलेली मी रोज सकाळी पायाला हात लावत होते, कारण समोरचा वाकला होता. पहिल्यांदा शिष्टाचार म्हणून. पुढे पुढे, समोरचा कोण, कुठला हे बघायच्या आत पाठ वाकायची. ते माझं मत होतं का? तर नव्हतं. पण मतांपेक्षा ते जास्त वेळा घडलं.

इथवर वही फार खूश होती. नीरा ओलांडली, माउलींच्या पादुकांना नीरास्नान झालं, लोणंद आलं, फलटण मागे पडलं, आणि माझा सिद्धांत तयार होता: आधी अंगवळणी पाडा, श्रद्धा येईल मागून.

पण रोज वाटेने म्हणायचे त्या अभंगांतच त्याला आडवं येणारं काही होतं. 'भेदाभेद भ्रम अमंगळ' हे तुकोबांनी १७व्या शतकात सांगितलं. तेव्हापासून ते लाखो तोंडांनी, लाखो पावलांनी म्हटलं गेलं. अंगवळणी पडायचं तर याहून जास्त काय पडणार? तरी पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं झालं १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवत होते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, देवळाच्या बाहेर आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडण्याची रीत होती आणि दारात अडवण्याचीही होती. तीच माणसं दोन्ही रीती पाळत होती, एकाच दिवशी, एकाच श्रद्धेने. म्हणजे सवय विश्वासाला पायावर उभं करते हे खरं, पण ज्याची सवय लावलीच नाही ते नुसतं गाण्यात राहतं. साने गुरुजी उपोषणाला बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. पंढरपुरातल्या पंढरपुरात एका वारकरी महाराजांनी त्यांना जागा दिली होती. ते कुठल्या रीतीत बसत होतं?

वेळापूरच्या अलीकडे धावा झाला, म्हणजे सगळे उतारावरून धावत सुटले, आणि लहान मुलीसारखी मावशीही पळाली. त्या संध्याकाळी मी राहुटीच्या मागे गेले. आमच्या दिंडीत चार-पाच बायका अशा होत्या की त्यांना पूर्ण भिशी परवडत नाही. त्या निम्मीच भरतात आणि त्या बदल्यात स्वयंपाक करतात. दिवसभर आमच्याइतकंच चालायचं, मुक्कामाला आलं की चुली पेटवायच्या. हरिपाठ, कीर्तन चालू असताना त्या भाकऱ्या थापत असतात. त्यातली एक म्हणाली, "समाज आरती म्या अजून पाह्यलीच नाही." तिची ही कितवी वारी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आमच्या दिंडीचे टाळ तक्रारीसाठी एकदा वाजत राहिले होते, ट्रक लावायच्या जागेवरून. या बायकांसाठी ते वाजले नव्हते.

मी हे आधी मावशीला सांगितलं. ती गप्प राहिली. रात्री मात्र तिने स्वतःच विणेकरी बुवांजवळ विषय काढला.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तिथल्या तळावर आमच्या दिंडीची हिशोबाची बैठक बसली. मावशी बोलली, मग कंडक्टर काका बोलले. पाळी लावून पुरुषांनीही भाकऱ्या कराव्यात असं त्यांनी म्हणताच हशा पिकला, पण काका हसले नाहीत. "मी एसटीत कँटीन पाह्यलंय, मला येतं," म्हणाले. वारीत असं चालत नाही, असं एकाने सांगितलं. कुठे लिहिलंय, असं मावशीने विचारलं. शेवटी पुढल्या वर्षापासून दोन पगारी आचारी आणायचं ठरलं आणि या बायका निम्म्या भिशीतच चालतील असंही. त्यासाठी बाकीच्यांची भिशी प्रत्येकी तीनशे रुपयांनी वाढणार होती. इथे मात्र चर्चा लांबली. तासभर आधी विष्णुमय जग म्हणणारे दोघे तीनशेचे दोनशे करा म्हणून अडून बसले. दिंडीप्रमुखांनी अडीचशेवर आणलं.

पंढरपुरात देवळाच्या कलशाचं दर्शन घेऊन आम्ही परत फिरलो. गाभाऱ्याची रांग मावशीने कधीच धरलेली नाही. गाडीत तिने वही मागून घेतली, चष्मा लावून दोन-तीन पानं वाचली आणि म्हणाली, "आचाऱ्याचे पैसे कोणाकडं जमा करायचे ते यात लिहिलंच नाहीस."