आकडीवाला एल की लांबपायी आर: ‘ळ’ची नोंद

मंडळी, मराठीचे उच्चार आयपीएत, म्हणजे आवाज लिहायच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांत, मांडायच्या या खटाटोपात गेल्या नोंदीत च़-ज़चा गठ्ठा बांधून ठेवला होता आणि यावेळी घर्षकांकडे (हवा घासत निघणाऱ्या व्यंजनांकडे) वळायचं ठरलं होतं. श, ष, स आणि त्यांची भावंडं अजून वाट बघत बसली आहेत. कारण मध्येच ‘ळ’ आडवा आला, आणि तो हलायला तयार नव्हता. आता हलला आहे, म्हणून ही घाईघाईची नोंद.

तिढा असा. मराठीच्या माझ्या तक्त्यात ‘ळ’पुढे मी पहिल्यापासून आकडीवाला एल (ɭ) टाकून मोकळा झालो होतो. मूर्धन्यांचं, म्हणजे जीभ मागे वळवून म्हणायच्या व्यंजनांचं, कुटुंबचिन्ह म्हणजे ती उजवीकडे वळलेली आकडी. ट, ड, ण सगळ्यांच्या पायाला ती असते, तशीच एलच्या पायाला. त्याचा अर्थ: जीभ मागे वळून टाळूला टेकते, टेकून राहते, आणि हवा बाजूंनी निघून जाते. पण साताऱ्याच्या मावशीचं रेकॉर्डिंग हळू करून ऐकताना ‘तळाला’ मधला ‘ळ’ टेकून राहतोय असं कानाला पटेना. तो लागतोय आणि निसटतोय. तसं असेल तर तो ताडित, म्हणजे मागे वळलेली जीभ पुढे येता येता टाळूला फटका मारून जाते. मग चिन्ह वेगळं लागतं.

आणि इथेच गंमत. छापील आयपीए तक्त्यात मूर्धन्य पार्श्विक (हवा बाजूंनी सोडणाऱ्या) ताडिताला घरच नाही. ‘इतर चिन्हे’च्या डब्यात फक्त दंतमूलीय, म्हणजे दातांच्या मुळाशी जीभ लागणारं, पार्श्विक ताडित आहे, आपला उलटा लांबपायी आर (ɺ), जो जपानी ‘र’च्या काही उच्चारांसाठी बरेच जण वापरतात. त्याच्या लांब पायाला मूर्धन्य आकडी लावायची आणि काम भागवायचं. युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीने, 2021 साली चौदाव्या आवृत्तीत हे आकडीवालं अक्षर अखंड दिलं, पण ते पहिल्या पासष्ट हजारांच्या पलीकडच्या जागेत बसवलंय. फोनवर बघाल तर चौकोनी डबा दिसण्याचीच शक्यता जास्त. फाँटच्या बाबतीत माझं मत जुनंच: एसआयएल या संस्थेचा कॅरिस किंवा डुलोस टाका, फुकट आहेत, आणि आकड्या, ठिपके, टोप्या नीट जागेवर बसतात. सुंदर दिसणारे बाकीचे फाँट दोन ठिपके खाली द्यायला सांगितले की अक्षराच्या पोटात घुसवतात. (‘कल्हई’तल्या ‘ल्ह’मधला ह-कार दाखवायला अखेर एलखाली दोन ठिपके देऊन टाकले. वर छोटा वाकडा एच नको. वाद घालणाऱ्यांनी पुढच्या नोंदीपर्यंत थांबावं.)

मला राग यायचा तो याचा की 2005 साली आयपीएच्या याच तक्त्यात आकडीवाल्या व्हीला जागा मिळाली. मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधला तो खालचा ओठ दातांवर आपटून सोडायचा आवाज. चांगलं झालं, मिळायलाच हवी होती. पण मग आमच्या ‘ळ’ने काय घोडं मारलं होतं? या रागाचं पुढे काय झालं ते सांगतोच.

आधी टाळूचं प्रकरण. जीभ नेमकी कुठे लागते हे कानाने कळत नाही, म्हणून टाळूचा ठसा घ्यायचं ठरवलं. कृती जुनीच आहे. औषधी कोळशाची बारीक पूड ऑलिव्ह तेलात कालवायची, ब्रशने जिभेच्या टोकाला, कडांना आणि टोकाच्या खालच्या बाजूला लावायची. एकच शब्द एकदाच म्हणायचा. मग गिळायचं नाही, तोंड मिटायचं नाही, आ करून राहायचं आणि आरसा आत सरकवून टाळूचा फोटो काढायचा. जिथे जीभ लागली तिथे काळं. आरसा दंतवैद्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतो, पण तो दाताच्या फोटोसाठीचा रुंद घ्या; दांड्याचा गोल छोटा आरसा निरुपयोगी. आणि आधी गरम पाण्यात बुडवा, नाहीतर श्वासाने धुरकटतो. दोन शब्दांच्या मध्ये लिंबूपाण्याने खळखळून चूळ भरायची. फोटो काढायला भाची होती. तिचं म्हणणं, “मामा, तुझं तोंड म्हणजे कोळशाची वखार झालीय, आणि आजीचं पांढरं पांघरूण तू धुणार आहेस.”

शब्द निवडताना एक पथ्य: त्यात जिभेच्या टोकाचं दुसरं व्यंजन नको, नाहीतर ठसे एकमेकांवर चढतात. म्हणून ‘बाल’, ‘बाळ’, ‘माडी’, ‘माळी’, ‘आण’ असे ओठांचे आणि स्वरांचे शब्द. ‘बाल’चा ठसा वरच्या दातांच्या मुळाशी, हवा तसा. ‘बाळ’चा ठसा त्याच्या बराच मागे, हिरडीचा उंचवटा संपून टाळू वर चढायला लागते तिथे, एक आडवा जाडसर डाग. दोन्ही बाजूच्या दाढांपाशी मात्र टाळू स्वच्छ. ‘आण’मध्ये याच्या उलट: मधल्या डागापासून दोन्हीकडे दाढांच्या कडेने काळी रेघ, घोड्याच्या नालेसारखी पूर्ण बंद. म्हणजे ‘ण’मध्ये बाजू बंद आणि हवा नाकातून, ‘ळ’मध्ये बाजू उघड्या. पुस्तकात वाचलेलं स्वतःच्या टाळूवर उमटलेलं बघण्यात जी मजा आहे ती सांगून कळायची नाही. ते दोन फोटो शेजारी लावून मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

पण ठसा जागा सांगतो, वेळ सांगत नाही. जीभ टेकून राहिली की चाटून गेली, डाग तोच. त्यासाठी प्राट, आवाजाचं चित्र काढून मोजू देणारं सॉफ्टवेअर. ज्यांनी अजून घेतलं नाही त्यांच्यासाठी परत सांगतो: ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं, फुकट, दिसायला गेल्या शतकातलं, आणि याला पर्याय नाही. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा. मी एका ऑनलाइन दुकानातून घेतलेला कॉलरमाइक ‘आवाज साफ करतो’ म्हणून विकला गेला होता. तो साफ करतो हे खरं, व्यंजनंही साफ करतो. ‘ळ’च्या वेळी आवाज जरा उतरला की त्याला वाटतं हा गोंगाट, आणि तो पुसून टाकतो. आता टेबलावर ठेवायचा साधा तारवाला माइक आणि मागे टांगलेली गोधडी.

आता खरी डोकेदुखी. ‘ळ’ किती वेळ टिकतो हे मोजायचं तर तो कुठे सुरू होतो ते ठरवायला हवं. आणि मूर्धन्य व्यंजनं आपली चाहूल आधीच्या स्वरातच देतात. जीभ मागे वळायला लागली की तिसरा फॉर्मंट (आवाजाच्या चित्रात जे गडद आडवे पट्टे दिसतात त्यांतला खालून तिसरा) खाली घसरू लागतो. ‘तळ’मधल्या ‘अ’च्या निम्म्यापासूनच ती रेघ उतरणीला लागलेली दिसते. मग ‘अ’ संपला कुठे आणि ‘ळ’ लागला कुठे? उतार सुरू होतो तिथे रेघ मारली तर ‘ळ’ गलेलठ्ठ होतो. उताराच्या तळाशी मारली तर इवलासा उरतो. आज एक उत्तर, उद्या दुसरं, तीच फाइल. काही संध्याकाळी तर मी तक्ता बंद करून सरळ क्रिकेट लावलं.

सुटका झाली ती तिसऱ्या फॉर्मंटवरून नजर काढली तेव्हा. जीभ टाळूला लागते त्या क्षणी वरच्या पट्ट्यातली ताकद एकदम गळते. स्वराचा गडद काळा रंग पायरी उतरल्यासारखा करडा होतो, आणि जीभ सुटली की परत पायरी चढतो. उतार नव्हे, पायरी. उतार हा जिभेचा प्रवास आहे, पायरी हा स्पर्श. मोजायचा आहे स्पर्श. दोन पायऱ्यांवर दोन रेघा, मधला भाग ‘ळ’. एवढं ठरल्यावर आज आणि उद्याची उत्तरं जुळायला लागली.

मग शब्दांची यादी काढली, आणि यासाठी मराठीसारखी भाषा नाही. तळमळ, मळमळ, हळहळ, वळवळ, सळसळ, खळखळ. प्रत्येकात एक ‘ळ’ व्यंजनाच्या आधी आणि एक शेवटी. त्यांच्या जोडीला तळाला, मळाला, गळाला, म्हणजे दोन स्वरांच्या मधला ‘ळ’. मावशीचा आवाज आणि माझा आवाज, दोन्हीकडे चित्र एकच: ‘तळमळ’मधले दोन्ही ‘ळ’ निवांत टेकलेले, करडा पट्टा रुंद, आत फॉर्मंट सरळ चाललेले. ‘तळाला’मध्ये मात्र तो पट्टा म्हणजे पापणी लवावी इतकाच. आणि सर्वांत गोड पुरावा: ‘बाळ’ एकटं म्हटलं की ‘ळ’ टेकलेला, ‘बाळ आलं’ म्हटलं की निसटलेला. शब्द तोच, पुढे स्वर आला एवढाच फरक.

तर तक्त्यात निकाल असा. तिरक्या रेघांमध्ये, म्हणजे स्वनिम (भाषा एकच मानते असा, शब्द वेगळे करणारा आवाज) म्हणून, आकडीवाला एलच. चौकटी कंसात, म्हणजे प्रत्यक्ष उच्चार म्हणून, दोन: स्वरांच्या मध्ये आकडीवाला लांबपायी आर, बाकी ठिकाणी आकडीवाला एल. आणि आता त्या रागाचं. आयपीएचं मूळ तत्त्व असं की एखाद्या भाषेत दोन आवाजांनी शब्द बदलत असेल तर त्यांना वेगळी अक्षरं द्यावीत. माझ्याच मोजमापात हे दोघे एकमेकांच्या जागेवर कधी येतच नाहीत. म्हणजे माझा पुरावा माझ्याच तक्रारीच्या विरुद्ध साक्ष देतोय. तरी इतर चिन्हांच्या डब्यात एक कोपरा द्यायला हरकत नव्हती, हे मी म्हणणारच.

इथपर्यंत लिहून नोंद संपवणार होतो. पण ठशांचे फोटो नावं देऊन ठेवताना ‘माडी’ आणि ‘माळी’ शेजारी आले आणि डागाची जागा जवळजवळ तीच निघाली. फरक फक्त दाढांकडे. ‘माडी’मध्ये कडा काळ्या, ‘माळी’मध्ये स्वच्छ. मग प्राटमध्ये दोन्ही उघडले. दोन्हीत लवलेली पापणी. ‘ड’मध्ये ती जवळजवळ पांढरी, तळाशी फक्त घोषाची (गळ्यातल्या कंपनाची) पट्टी, ‘ळ’मध्ये करडी, कारण बाजूने आवाज गळतोय. म्हणजे स्वरांच्या मधला ‘ड’ आणि ‘ळ’ हा एकच फटका, एकाच्या खिडक्या बंद आणि दुसऱ्याच्या उघड्या!

आता हे बघा. ऋग्वेदाची पहिली ऋचा ‘अग्निमीळे पुरोहितम्’. तो ‘ळ’ म्हणजे मुळातला ‘ड’, दोन स्वरांत सापडला म्हणून ‘ळ’ झालेला. नंतरच्या संस्कृतात तेच रूप ‘ईडे’. लहानपणी हा नियम म्हणून ऐकला होता. आता तो माझ्या टाळूवर दोन काळ्या कडांच्या फरकाने दिसतोय. आपला मराठी ‘ळ’ बहुतेक दुसऱ्या वाटेने आला, एकट्या ‘ल’पासून, पण जागा तीच, दोन स्वरांच्या मधली. संस्कृत फल, मराठी फळ; संस्कृत काल, मराठी काळ. जिथे प्राकृतात ‘ल’ जोडाक्षर होता तिथे तो वाचला: गल्लचा गाल, तैल-तेल्लचं तेल, आणि कल्य-कल्लचं ‘काल’, म्हणून कालचा दिवस ‘ल’ने आणि काळ ‘ळ’ने. शब्दाच्या सुरुवातीला ‘ळ’ का नसतो याचं उत्तरही यातच आहे, तिथे आधी स्वरच नसतो. शेवटचा अकार गळून गेल्यावर ‘फळ’, ‘बाळ’ यांतला ‘ळ’ उघड्यावर पडला, आणि तिथे तो टेकून बसायला लागला असं मी आता धरून चाललोय.

त्यामुळे बेत बदलला. घर्षक आणखी पुढे ढकलले. पुढचं काम तमिळचं: ‘तमिळ’ या नावातलं शेवटचं अक्षर आपण ‘ळ’ लिहितो, पण तिथला आवाज पार्श्विक नाहीच, तो आकडीवाला उलटा आर, जीभ टाळूला न लागता. देवनागरीत त्यासाठी ‘ऴ’ आहे, ठिपक्याचा, पण वापरतो कोण. तमिळमध्ये ‘ळ’ वेगळा आणि ‘ऴ’ वेगळा, तेव्हा एकाच माणसाच्या तोंडून दोन्हींचे ठसे मिळाले तर मजा येईल. ऑफिसातला मदुराईचा एक मित्र तयार आहे, कोळशाचं मात्र अजून त्याला सांगितलेलं नाही.

त्याआधी तुमच्याकडून एक हवंय. आगरी-कोळी बोलीत ‘काळा’चा ‘काला’ होतो, वऱ्हाडात आणि खानदेशात ‘डोळा’चा ‘डोया’. तिथली माणसं घरात असतील त्यांनी ‘काळा, डोळा, केळ, बाळ, बाळ आलं’ हे त्यांच्या बोलीत म्हणून घ्यावं, कागदावरून वाचून नव्हे. वाचलं की लोक शाळेतला ‘ळ’ काढतात. वेव्ह फाइल, पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर. ‘य’ फक्त स्वरांच्या मध्ये येतो की ‘केळ’च्या शेवटीही, हे मला कानाने नव्हे, पट्ट्यावर बघायचंय. आणि त्या बोलींत सळसळ, खळखळ म्हणताना काय होतं तेही त्याच फाइलमध्ये टाका.